सहावी ते आठवीच्या वर्गात आनुवंशिकता आणि परिवर्तन कसे शिकवावे?

सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नववीत येणाऱ्या ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ या पाठाची पूर्वतयारी म्हणून त्यांना चार-पाच तासिका घ्यायच्या आहेत. जीभ वळवता येते की नाही, कानाची पाळी सुटी आहे की चिकटलेली, गालावर खळी पडते का, डोळ्यांचा रंग कोणता, अशा लक्षणांचा तक्ता मुलांनी आई-वडील आणि आजी-आजोबा यांच्यासह भरून आणावा आणि त्यावरून प्रभावी व अप्रभावी लक्षणे समजावून सांगावीत, असे त्यांच्या मनात आहे. हे योग्य होईल का, आणि नसेल तर दुसरे काय करता येईल, असे त्यांनी विचारले आहे.

मी सव्वीस वर्षे याच वयाच्या मुलांना विज्ञान शिकवले आहे, त्यातली बरीच वर्षे ग्रामीण शाळांमध्ये. तो तक्ता देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे एक कारण विज्ञानाचे आहे आणि दुसरे मुलांच्या घरांचे आहे.

विज्ञानाचे कारण आधी सांगतो. जीभ वळवणे हे एकाच जनुकावर, म्हणजे पालकांकडून येणाऱ्या आणि लक्षण ठरवणाऱ्या एकाच घटकावर, ठरणारे प्रभावी लक्षण आहे, असे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या नामवंत आनुवंशशास्त्रज्ञाने १९४० मध्ये मांडले आणि तेव्हापासून ते जगभरच्या शालेय पुस्तकांत जाऊन बसले. परंतु १९५२ मध्ये फिलिप मॅटलॉक यांनी एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ७ जोड्यांमध्ये एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला येत नव्हती. एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात. त्यामुळे केवळ एका जनुकाने हे लक्षण ठरत असते, तर असे घडलेच नसते. स्टर्टेव्हंट यांनीही पुढे ही चूक मान्य केली. कानाच्या पाळीचेही तसेच आहे. पाळ्या ‘सुट्या’ आणि ‘चिकटलेल्या’ अशा दोनच प्रकारच्या नसतात, त्यांच्यामध्ये सर्व पायऱ्या आढळतात, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पाळीच्या आकाराशी संबंधित अशा ४९ जागा जनुकसंचात सापडल्या. डोळ्यांच्या रंगाचा तक्ता आपल्याकडे तर निरर्थकच ठरतो, कारण चाळीस मुलांच्या वर्गात बहुतेक सर्वांचे डोळे काळे किंवा तपकिरी असतात आणि फरकच नसेल तर त्यावरून शिकवणार तरी काय?

म्हणजे जो नियम आपण शिकवू पाहतो, तो ज्या उदाहरणांना लागूच होत नाही, ती उदाहरणे आपण मुलांच्या हाती देतो. यातून नुसती चुकीची माहिती दिली जात नाही; त्याहून वाईट काही घडू शकते. आई-वडील दोघांनाही जीभ वळवता येत नाही आणि मुलाला मात्र येते, असे घरोघरी आढळते. प्रभावी लक्षण निदान एका पालकात तरी दिसलेच पाहिजे, हा आपण शिकवलेला नियम त्या मुलाने खरा मानला, तर त्याच्या मनात कोणता निष्कर्ष येईल, याचा विचार करून पाहा.

दुसरे कारण मला माझ्याच चुकीतून कळले. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी मी असाच तक्ता गृहपाठाला दिला होता. दुसऱ्या दिवशी एका मुलाने वही पुढे केली, तेव्हा ‘आई’ आणि ‘आजी’ हे रकाने नीट अक्षरात भरलेले होते आणि ‘वडील’ या रकान्यात त्याने आधी काहीतरी लिहून खोडरबराने इतके घासले होते, की कागदाला भोक पडले होते. तो आजोळी राहत असे. शेजारच्या मुलाने वहीत डोकावून पाहिले आणि मधल्या सुट्टीत त्याची चर्चा झाली. त्या मुलाने पुढचे आठ-दहा दिवस विज्ञानाच्या तासाला मान वर केली नाही. दत्तक घेतलेली मुले, वसतिगृहात किंवा बालगृहात वाढणारी मुले, वडील वारलेली किंवा घर सोडून गेलेली मुले प्रत्येक वर्गात असतात आणि बहुतेक वेळा शिक्षकाला ते ठाऊक नसते. त्या दिवसापासून मी एक नियम पाळत आलो आहे. मुलाचे स्वतःचे शरीर वर्गात मोजायला हरकत नाही, पण त्याचे घर वर्गात आणायचे नाही. वंशावळ शिकवायचीच असेल, तर ती वाटाण्याची, आंब्याची, गाई-म्हशींची किंवा काल्पनिक कुटुंबाची घ्यावी.

सुरुवात कोठून करावी, तर फरकापासून. आपण बहुधा साम्यापासून सुरुवात करतो. ‘तू अगदी आईवर गेलास’ या वाक्यापासून. मुलांना ते ओळखीचे वाटते खरे, पण त्यात मोजण्यासारखे काही नसते. त्याऐवजी पहिल्या तासिकेला प्रत्येकाने आपली वीत मोजावी. हात बाकावर पूर्ण ताणून ठेवायचा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर पट्टीने मिलिमीटरपर्यंत घ्यायचे, आणि ते शेजाऱ्याने मोजायचे, स्वतः नव्हे. मग फळ्यावर आडव्या रेषेवर सेंटिमीटरचे आकडे लिहून प्रत्येक मुलाने आपल्या आकड्यावर खडूने एक फुली मारायची. चाळीस फुल्या पडल्या, की मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असा ढीग बहुधा डोळ्यांसमोर उभा राहतो. कोणीही न सांगता मुले विचारतात, की सगळे एकाच वयाचे असताना असे का. हाच प्रश्न आपल्याला हवा असतो. येथे ‘परिवर्तन’ हा शब्द द्यावा, आणि एकाच जातीच्या सजीवांमधील असे फरक म्हणजे परिवर्तन, इतकीच व्याख्या त्या दिवशी पुरे.

दुसऱ्या तासिकेत निराळ्या प्रकारचा फरकही दाखवावा. वाल, घेवडा, पावटा यांचे निरनिराळे बियाणे मिळाले तर फार चांगले. पांढरे, काळे, तांबडे, ठिपक्यांचे, लांबट, गोल असे दाणे एका ताटात मांडले, की मुले तासभर त्यांची वर्गवारी करत बसतात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी देशी वाणांची बियाणे घरोघरून गोळा करून जपली आणि त्यासाठी त्यांना २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला, हे मुलांना आवर्जून सांगावे. वर्गातल्या अनेक मुलांच्या आज्यांकडे मडक्यात राखेत ठेवलेले बियाणे असते आणि दुसऱ्या दिवशी पुडीत बांधून ते येतेच. वितीचे माप आणि दाण्याचा रंग यांतला भेद मात्र ठळक करावा: विती लहानापासून मोठ्यापर्यंत सलग पसरलेल्या असतात, दाण्याचा रंग मात्र बऱ्याचदा वेगळ्या खणांत पडतो. पुढचे सगळे या एका भेदावर उभे राहते.

तिसरी तासिका वाटाण्याची. येथे थोडे थांबून सांगतो, कारण आपल्या स्वयंपाकघरात असलेली ही गोष्ट शिक्षकांच्या नजरेतून सुटते. किराणा दुकानातून पांढरा वाटाणा आणि हिरवा वाटाणा पन्नास-पन्नास ग्रॅम आणावा, रात्री वेगवेगळ्या भांड्यांत भिजत घालावा आणि सकाळी मुलांनी एकेक दाणा नखाने सोलावा. सालीखालची डाळ एकात पिवळी आणि दुसऱ्यात हिरवी निघते. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल यांनी युरोपातील ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची जी सात लक्षणे अभ्यासली, त्यांतले हे एक. बाजारातला काही हिरवा वाटाणा रंगवलेला असतो. भिजवलेले पाणी गडद हिरवे झाले, तर तो घेऊ नये.

दुसरे लक्षण गोल आणि सुरकुतलेल्या दाण्याचे. उसळीचा वाटाणा गोल असतो. हिवाळ्यात भाजीला येणारा गोड मटार हा बहुधा सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणांचा असतो. अर्केल हा त्यांपैकी आपल्याकडचा प्रसिद्ध वाण. बियाण्याच्या दुकानातून अर्केलचे थोडे बी आणून गोल वाटाण्याशेजारी ठेवावे, मात्र विक्रीच्या बियाण्याला बहुधा बुरशीनाशक लावलेले असते, म्हणून ते काचेच्या बंद बाटलीतच दाखवावे आणि मुलांच्या हाती देऊ नये. गोडी आणि सुरकुती यांचा संबंध आहे, हे ऐकून मुलांना नवल वाटते. साखरेपासून नीट स्टार्च तयार करणारे एक विकर (एन्झाइम) सुरकुतलेल्या दाण्यात काम करत नाही, कारण त्या विकराच्या जनुकातच बिघाड आहे. त्यामुळे दाण्यात साखर जास्त उरते, साखरेमुळे पाणी जास्त ओढले जाते, आणि दाणा पिकून वाळला, की ते पाणी जाऊन साल सैल पडते व सुरकुतते. हे जनुक नेमके कोणते, ते १९९० मध्ये उलगडले, म्हणजे मेंडेल यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

याच उदाहरणाने ‘प्रभावी’ या शब्दाचा गैरसमजही निघतो. मुलांना वाटते, की प्रभावी म्हणजे बलवान आणि अप्रभावी म्हणजे दुबळे, किंवा प्रभावी म्हणजे जास्त लोकांत आढळणारे. मी त्यांना विचारतो, की घरात स्वयंपाक करणाऱ्या दोघी असतील आणि एक गावाला गेली, तर घर उपाशी राहते का? एकीनेही पुरेसा स्वयंपाक होतो. दोघीही नसतील तेव्हाच चूल पेटत नाही. वाटाण्याच्या दाण्याला विकराचे जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन मिळतात. एक जरी चांगले असले तरी दाणा गोल भरतो आणि दोन्ही बिघडलेली असली तरच सुरकुततो. प्रभावी असणे याचा अर्थ एवढाच. हाताला सहावे बोट असणे हे काही कुटुंबांत प्रभावी लक्षण म्हणून उतरते, तरी ते विरळ आहे. आणि ओ रक्तगट अप्रभावी असूनही आपल्या देशात सर्वत्र आढळतो. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली, की ‘प्रभावी म्हणजे अधिक’ हा समज बऱ्यापैकी सुटतो.

आता तीनास एक या प्रमाणाकडे, म्हणजे संकराच्या दुसऱ्या पिढीत तीन गोल दाण्यांमागे एक सुरकुतलेला येतो त्याकडे, येऊ. ते फळ्यावर चौकटी आखून शिकवले, तर मुले पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी चिंचोके घ्यावेत. मुलांच्या प्रत्येक जोडीला दोन पिशव्या द्याव्यात. प्रत्येक पिशवीत एकाच आकाराचे वीस चिंचोके, दहांवर रंगाचा ठिपका आणि दहा कोरे. एक पिशवी एका पालक झाडाची, दुसरी दुसऱ्याची. डोळे मिटून प्रत्येक पिशवीतून एकेक चिंचोका काढायचा, जोडी वहीत नोंदवायची आणि चिंचोके परत पिशवीत टाकायचे. परत टाकणे विसरले, तर प्रमाण बिघडते, म्हणून ते दोनदा बजावावे. जोडीत एकावर जरी ठिपका असला तरी दाणा गोल, दोन्ही कोरे असले तर सुरकुतलेला. प्रत्येक जोडीने वीस वेळा हे केले, की अपेक्षेप्रमाणे पाच सुरकुतलेले यायला हवेत, पण कोणाचे दोन येतात, कोणाचे नऊ. मुले म्हणतात, आमचे चुकले. त्यांना घाईने ‘बरोबर आहे’ म्हणू नये. वर्गातल्या सगळ्या जोड्यांची बेरीज फळ्यावर करावी. चोवीस जोड्या असतील, तर ४८० दाण्यांत १२० च्या आसपास आकडा येतो, आणि तो तसा येताना पाहणे हा त्या आठवड्यातला सर्वांत चांगला क्षण असतो.

मग मेंडेल यांचे आकडे द्यावेत. दुसऱ्या पिढीत त्यांना ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, तसेच ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. पण एकेका झाडाकडे पाहिले, तर त्यांनाही एका झाडावर ४३ गोल आणि अवघे २ सुरकुतलेले मिळाले होते, तर दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. आपल्या वहीतले नऊ आणि मेंडेल यांचे पंधरा एकाच कारणाने आले, हे ज्या मुलाला उमगले, त्याला आनुवंशिकतेचे मर्म कळले असे मी समजतो. मेंडेल यांनी सुमारे २८,००० झाडे का तपासली, याचेही उत्तर त्याला आपोआप मिळते.

चिंचोक्यांचा आणखी एक उपयोग आहे. या वयाच्या मुलांच्या मनात आई-वडिलांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात, अशी पक्की कल्पना असते. दुधात मिसळलेले पाणी पुन्हा वेगळे निघत नाही. कोरा चिंचोका मात्र ठिपक्याच्या चिंचोक्यासोबत कितीही पिढ्या राहिला तरी कोराच राहतो आणि एखाद्या पिढीत दुसऱ्या कोऱ्यासोबत बाहेर येतो. लक्षण एका पिढीत दिसेनासे झाले, म्हणजे नाहीसे झाले असे नाही, हे हातातल्या वस्तूवरून सांगता येते.

भावंडे एकसारखी का नसतात, हा प्रश्न येथे हमखास येतो. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या, म्हणजे जनुके वाहून नेणाऱ्या धाग्यांच्या, २३ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र अपत्याकडे जाते. कोणते जाणार, याची निवड २३ वेळा स्वतंत्रपणे होते, म्हणून एकाच व्यक्तीकडून ८३,८८,६०८ प्रकारचे संच जाऊ शकतात, आणि गुणसूत्रांच्या तुकड्यांची जी अदलाबदल होते ती यात धरलेलीच नाही. आकडा चौऱ्याऐंशी लाखांच्या जवळ येतो. चौऱ्याऐंशी लक्ष योनींशी त्याचे साम्य हा निव्वळ योगायोग आहे आणि तसे वर्गात स्पष्ट सांगावे, पण त्या शब्दप्रयोगामुळे हा आकडा मुलांच्या लक्षात राहतो. ‘मुलगी आईवर आणि मुलगा वडिलांवर जातो’ हा समजही येथेच बाजूला होतो, कारण दोघांनाही दोघांकडून तेवीस-तेवीस गुणसूत्रे येतात.

आणि मुलगा की मुलगी हे कसे ठरते, हे आठवीत सांगितलेच पाहिजे. काही शिक्षक संकोचाने हा भाग टाळतात. मला ते मान्य नाही. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येते, वडिलांकडून एक्स किंवा वाय यांपैकी एक येते, आणि त्यावर अपत्याचे लिंग ठरते. आईच्या पिशवीत सगळे कोरे आणि वडिलांच्या पिशवीत निम्मे ठिपक्यांचे चिंचोके घेऊन हेही करून दाखवता येते. मुलगी झाली म्हणून सुनेला दोष देणारी घरे या मुलांनी पाहिलेली असतात. याच महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशाच्या कायद्याआधी, १९८८ मध्ये झाला, कारण त्याची गरज येथे तितकी तीव्र होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीने त्या दिवशी पिशवीतला चिंचोका हातात धरून विचारले होते, “म्हणजे सर, आईच्या हातात काहीच नसतं?” मी म्हणालो, “नसतं. आणि वडिलांच्याही हातात नसतं. त्यांनीही डोळे मिटूनच काढलेला असतो.” ती काही बोलली नाही, पण तो चिंचोका तिने पिशवीत न टाकता घरी नेला.

परिस्थितीचा परिणाम शिकवायला आंब्यासारखे उदाहरण नाही. कोकणातल्या मुलांना तर हे आधीच ठाऊक असते, की हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, रायवळ येतो. हापूसच्या कोयीतला गर्भ परागीभवनातून तयार झालेला, म्हणजे दोन पालकांच्या चिंचोक्यांतून निघालेला असतो, म्हणून प्रत्येक कोयीचे झाड निराळे. कलम मात्र जुन्या झाडाची फांदीच असते. तिची जनुके तीच, म्हणून आंबा तोच. या संकराचा माणसाने जाणून उपयोगही केला आहे. कोकणातल्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा वाण काढला आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून ‘सिंधू’ काढला, ज्याची कोय अगदी पातळ असते. पण एवढ्यावर थांबू नये. तेच हापूसचे कलम घाटावर काळ्या जमिनीत लावले, तर फळाचा स्वाद बदलतो. जनुके तीच, फळ मात्र तंतोतंत तेच नाही. २०१८ मध्ये हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन कोकणातल्या ठरावीक जिल्ह्यांपुरते आहे, ते उगीच नव्हे. जनुके आणि परिस्थिती या दोन्हींचा वाटा असतो, हे वाक्य मुले फळाच्या चवीवरून जितके नीट समजतात, तितके व्याख्येवरून समजत नाहीत.

याच्या उलट बाजूचा गैरसमज असा, की आयुष्यात कमावलेले बदलही मुलांत उतरतात. त्यासाठी दूर जायला नको. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बाळांचे कान टोचले जातात, तरी प्रत्येक बाळ अखंड पाळी घेऊनच जन्माला येते. हे एक वाक्य बोलून गप्प बसावे. पुढचा विचार मुलेच करतात.

वितीच्या आलेखाकडे चौथ्या तासिकेला परत यावे. वाटाण्याचे दोनच खण आणि वितीचा मात्र ढीग, असे का? कारण हाताच्या मापावर एक नव्हे, असंख्य जनुकांचा आणि शिवाय आहार, आजारपण, वय यांचा परिणाम होतो. उंचीचे उदाहरण येथे द्यावे: २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशी संबंधित १२,१११ जागा जनुकसंचात आढळल्या. त्वचेच्या रंगाचाही प्रकार असाच, अनेक जनुकांचा आणि उन्हाचा. तो वर्गात मुलांमुलांत तुलना करून कधीही शिकवू नये. गोऱ्या-काळ्यावरून मुलींना घरी-दारी जे ऐकावे लागते, त्यात आपल्या तासाची भर नको. बुद्धी, कष्टाळूपणा किंवा स्वच्छता ‘रक्तात असते’, अमुक जातीत असते, असे बोलणारे मूलही एखाद्या वर्षी भेटते. त्याला गप्प बसवू नये, उत्तर द्यावे: कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो, आणि उरलेल्या फरकांपैकीही बहुतेक फरक एकाच समूहातल्या माणसांमाणसांत आढळतात.

रक्तगट शिकवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तो खरोखरच आनुवंशिक आहे. शिकवावा, पण मुलांच्या घरचे रक्तगट मागवू नयेत. त्याचे कारण मुंबईतच सापडलेले आहे. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याची नोंद केली, तो ‘बॉम्बे’ रक्तगट साध्या तपासणीत ओ सारखाच दिसतो. ए आणि बी ही चिन्हे ज्या पायावर उभी राहतात, तो एच नावाचा पायाच या व्यक्तींच्या रक्तपेशींवर नसतो. त्यामुळे ए किंवा बी चे जनुक असूनही ते दिसत नाही, आणि अपत्यात मात्र प्रकट होऊ शकते. म्हणजे वरवर ओ दिसणाऱ्या पालकाला एबी गटाचे मूल होऊ शकते. भारतात अशा व्यक्ती साधारण दहा हजारांत एक असतात, आणि नोंदीत झालेल्या साध्या चुका तर त्याहून अधिक. वर्गातल्या चौकटीवरून ‘असे मूल या पालकांचे असूच शकत नाही’ असे कोणी म्हणू नये आणि म्हणू देऊ नये.

शेवटी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविषयी, कारण पूर्व विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या पट्ट्यात ही पाठातली माहिती नसते, बाकावर बसलेल्या मुलांचे आयुष्य असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले होते, त्यामुळे अनेक मुलांची तपासणी झालेली असते आणि त्यांना आपण वाहक आहोत की रुग्ण हे माहीत असते. कोणाची तपासणी झाली, कोणाला काय निघाले, हे वर्गात विचारू नये. रुग्णाकडे दोन्ही जनुके बदललेली असतात, वाहकाकडे मात्र एक साधे आणि एक बदललेले जनुक असते आणि तो सहसा निरोगी असतो, हे ठामपणे सांगावे. शिवाय वाहकाला हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. जंगलपट्ट्यात हे जनुक टिकून का राहिले, ते यावरून कळते, आणि परिवर्तनाचे चांगले-वाईट परिस्थितीवर कसे अवलंबून असते तेही.

येथे एका वाक्याची फार काळजी घ्यावी. दोन्ही पालक वाहक असतील, तर ‘चारांपैकी एक मूल रुग्ण’ असे आपण सहज म्हणतो. त्याचा अर्थ घरांत असा लावला जातो, की एक मूल रुग्ण निघाले, म्हणजे पुढची तीन सुटली. एका मुलीने मला तास संपल्यावर, सगळे बाहेर गेल्यावर, हेच विचारले होते: मोठा भाऊ आजारी आहे, म्हणजे आता आईला होणारे बाळ नक्की चांगले असेल ना? मी तिला पिशव्या पुन्हा दिल्या; कोरा चिंचोका म्हणजे बदललेले जनुक. एकदा दोन कोरे निघाले, ते परत टाकले, तर पुढच्या वेळी पिशवीला आधीचे आठवते का, असे विचारले. तिने बराच वेळ चिंचोके काढून पाहिले आणि मान हलवली. प्रत्येक गर्भधारणेत चारात एक ही शक्यता नव्याने असते. तिला हे कळणे दुःखाचे होते, पण आईची तपासणी आरोग्य केंद्रात लवकर करून घेता येते, हेही तिला त्याच वेळी सांगता आले. चिंचोके परत पिशवीत टाकायचे मी दोनदा का बजावतो, ते या प्रसंगानंतर आपल्या लक्षात येईल.

मूल्यमापनासाठी व्याख्या विचारू नयेत. ‘एकाच हापूसच्या झाडाच्या दहा कोयी आणि दहा कलमे शेजारी लावली, तर पाच-सात वर्षांनी काय दिसेल आणि का?’ हा एक प्रश्न पुरेसा आहे. कोयीची झाडे आपसांत निराळी, कलमे आपसांत जवळजवळ सारखी, आणि कलमांतही जमीन-पाण्यामुळे थोडा फरक, ही तिसरी गोष्ट ज्याने लिहिली त्याला पूर्ण गुण द्यावेत. आणि सहावीत घेतलेला वितीचा आलेख मोठ्या कागदावर उतरवून जपून ठेवावा. आठवीत तीच मुले पुन्हा मोजतील, तेव्हा सगळा ढीग उजवीकडे सरकलेला असेल, पण पसरट तो तरीही राहिलेला दिसेल; तो कागद भिंतीवर लावून, सरकले ते काय आणि राहिले ते काय, एवढेच त्यांना विचारावे.